पाटीवरचं नाव

दार उघडायला लागलं होतं.

पडद्यावरच्या हवेलीचं, माडीवरचं, दीड तास बंद असलेलं दार. खाली बाकड्यांवर बसलेल्यांनी पाय वर घेतले होते. बाल्कनीत बायकांच्या तोंडात पदर गेले होते. मी बाल्कनीच्या दाराशी बॅटरी विझवून उभा होतो. हा सिनेमा मी अकराव्यांदा बघत होतो, तरी माझ्या मानेवर काटा आला होता, कारण ते दार असं उघडायला लावणाऱ्या दिग्दर्शकाला भीतीतलं कळत होतं. करकर नाही, वारा नाही, वाजंत्री नाही. आधी बोटभर फट. मग चार बोटं.

आणि पडदा पांढराफटक झाला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए ऑपरेटर, झोपला का रं?"

"पैसे परत द्या, पैसे!"

दहा-बारा सेकंदांनी चित्र आलं तेव्हा दार सताड उघडं होतं आणि भूत खोलीच्या मधोमध येऊन उभं होतं. लोक हसत होते. भूत बघून लोक खदाखदा हसत होते. मी तसाच जिना चढून केबिनमध्ये गेलो.

कुर्डुवाडीच्या दीपलक्ष्मी टॉकीजला मी तेव्हा डोअरकीपर होतो आणि अंबादासअण्णा ऑपरेटर. केबिनमध्ये दोन मशीनं होती. सिनेमाची रिळं पंधरा-सोळा असतात. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारका ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला बदल करायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अण्णा हे काम बावीस वर्षं करत होते आणि बावीस वर्षांत त्यांनी लोकांना पत्ता लागू दिला नव्हता. तो लागायला लागला त्या महिन्यापासून.

"अण्णा, काय केलं हे?"

"कोण, निवृत्ती का?" ते मशीनकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्या बाजूलाच होतो, तरी त्यांनी मान पुरी वळवून बघितलं. "दुसऱ्या मशीनच्या दिव्याचा कार्बन विझला बाबा."

"बरोबर त्याच दाराला विझतो? परवापण तिथंच."

"रीळ तिथं बदलतं, मग विझायला दुसरीकडं कुठं जाईल?"

"त्या दाराची माती झाली अण्णा. लोक हसले."

"हसू दे की. भूत काय रडणाराय?" ते म्हणाले, आणि हसले. मला ते हसणं त्या दिवशी आवडलं नाही.

भुताच्या सिनेमाबद्दल माझी मतं पक्की होती, आजही आहेत. भूत जितकं उशिरा दाखवाल तितकं मोठं होतं. पहिल्या अर्ध्या तासात दाखवलं तर ते भूत नाही, पाहुणा आहे. रक्ताची बादली ओतणारा माणूस आळशी असतो. मांजर उडी मारते, मग सगळे हसतात आणि मग खरं भूत येतं, हा खेळ एका सिनेमात एकदाच चालतो. भूत दिवसाउजेडी, धुणं वाळत घातलेल्या अंगणात आणलं तर तो खरा कसबी. आणि थेटरात सगळ्यात मोठ्यानं हसतो तो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, हे मी दाराशी उभा राहून शेकडो वेळा बघितलंय.

ही सगळी मतं मी अण्णांना ऐकवायचो. नवीन सिनेमाची पेटी आली की दुपारी ते रिळं तपासायला एकदा चालवून बघत, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या छोट्या खिडकीला डोळा लावून बसायचो. सुरुवातीला नावं येत. ती अण्णा मोठ्यानं वाचायचे, आपल्यासाठीच वाचल्यासारखी. कॅमेरा अमक्याचा, आवाज तमक्याचा. मी ती पाठ करायचो आणि संध्याकाळी चहाच्या हॉटेलात लोकांना सांगायचो. लोक म्हणायचे, निवृत्ती सरवदेला सिनेमातलं सगळं माहीत. मला आकडे ओळखता येत होते, तिकिटावरचे. अक्षर एकही येत नव्हतं. नोकरीला लागताना मी चौथी पास सांगितलं होतं. रोज सकाळी हॉटेलात पेपर उघडून धरायचो, चित्रावरून वरची बाजू कुठली ते बघून.

दुसरं वेड टीव्हीचं. रविवारी सकाळी नाना राऊतांच्या सलूनमध्ये टीव्हीवर गुप्तहेराची मालिका लागायची. दाढी असो-नसो, बाकड्यावर जागा धरायला मी साडेनऊला हजर. त्या मालिकेबद्दलही मला मत होतं. तो हेर लांब कोट घालायचा ते मला पटत नव्हतं. खरा हेर पोस्टातल्या कारकुनासारखा दिसायला पाहिजे. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडायची. तो कुणाला काही विचारायचा नाही. संशय आला की नुसता मागं जायचा.

"काल परत पांढरा पडदा म्हणं?" नानांनी वस्तरा पुसत विचारलं.

"चार वेळा झालं या आठवड्यात."

"आणि तिकडं प्रभातला हाऊसफुल्ल." प्रभात हे गावातलं दुसरं टॉकीज, बागलांचं. "बागल काय गप बसणारा माणूस न्हाई बरं का."

"म्हणजे?"

नानांनी वस्तऱ्यानंच टीव्हीकडं दाखवलं. हेरानं नुकतंच शोधून काढलं होतं की कागद बाहेर नेणारा त्यांच्याच कचेरीतला, सगळ्यांना चहा पाजणारा म्हातारा होता. "म्हणजे हे. चोर घरातलाच असतुया."

"अण्णा तसले न्हाईत."

"तो म्हातारा तरी कुठं तसला वाटत होता?"

बाकड्यावरचे सगळे हसले. मी हसलो नाही. मला एकेक आठवायला लागलं. अण्णा हल्ली शेजारून जाताना ओळख देत नव्हते. बाजूनं हाक मारली तर दचकायचे. दर दुसऱ्या गुरुवारी रजा घेऊन सोलापूरला जायचे, कशाला ते सांगत नव्हते. विचारलं तर "मेव्हण्याकडं". मालिकेत असंच सगळं जुळत जायचं. त्या हेराचा संशय एकाही रविवारी चुकला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी ताप आल्याचं सांगून सकाळच्या एसटीत बसलो. अण्णा पुढून तिसऱ्या बाकावर. मी मागं, डोक्याला उपरणं गुंडाळून. खरं सांगायचं तर त्या दोन तासांइतकी मजा मला आयुष्यात क्वचित आली असेल. माझं काळीज धडधडत होतं आणि ते धडधडणं मला गोड लागत होतं.

सोलापूरच्या स्टँडवर उतरून ते पायी निघाले. मी वीस पावलं मागं. एकदा ते थांबले आणि मागं वळले. माझ्याकडंच तोंड होतं. मी भिंतीला चिकटलो. ते तसेच पुढं गेले. केवढा निर्ढावलेला माणूस, मला वाटलं. एका सायकलवाल्याला जवळजवळ धडकले, शिव्या खाल्ल्या. मग एका गल्लीत दुमजली घरात शिरले. दारावर मोठी निळी पाटी होती, पांढऱ्या अक्षरांची. मी समोरच्या पानाच्या टपरीवर उभा राहिलो. तासाभरानं ते बाहेर आले. हातात लांबडं पाकीट होतं. ते त्यांनी सदऱ्याच्या आत, पोटाशी सारलं आणि वरून बटण लावलं.

एवढं मला पुरेसं होतं. टपरीवाल्याला "हे घर कुणाचं" एवढं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पाटी समोर असताना विचारणारा माणूस अडाणी दिसतो. आणि हेर विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोशीशेठच्या खोलीत गेलो. शेठ टॉकीजचे मालक, माणूस वाईट नव्हता, पण त्या महिन्यात दोनदा प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या होत्या आणि ते चिडलेले होते. मी सगळं सांगितलं. एसटी, गल्ली, पाकीट. सांगताना मी थोडं थांबत होतो, मालिकेतल्यासारखं.

"कुठली गल्ली?" शेठ म्हणाले.

मी खूण सांगितली.

"तिथंच कुठंतरी बागलांचं ऑफिस आहे म्हणतात." शेठ खुर्चीत पुढं आले. "पाटी होती का दारावर?"

"होती. मोठी."

"काय लिहिलं होतं?"

खोलीत पंखा होता, त्याचा आवाज यायला लागला.

"अरे, वाचली असशील ना?"

"वाचली की शेठ."

"बागलांचं नाव होतं?"

"होय," मी म्हणालो.

"नक्की?"

"बागलच. निळ्या पाटीवर."

अण्णांना बोलावणं गेलं. मी निघत होतो, शेठ म्हणाले, थांब, तोंडावर होऊ दे. अण्णा आले ते चौकटीला खांदा घासून आत आले. शेठनी फार आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "काल सोलापुरात कुठं गेला होतास?"

"मेव्हण्याकडं."

"खोटं बोलू नकोस अंबादास. बागलांच्या ऑफिसात गेलास. पाकीट घेऊन बाहेर आलास. आपल्या माणसानं बघितलंय."

"बागलांच्या?" अण्णांना खरंच काही उमगलं नव्हतं. "न्हाई शेठ. देवाशपथ न्हाई."

"मग कुठं गेला होतास? सांग."

अण्णांचे ओठ हलले.

"सांग ना. मी सोडून देतो विषय."

अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं.

"ह्यानं पाटी वाचलीय," शेठ माझ्याकडं हात करून म्हणाले.

अण्णांनी सबंध तोंड माझ्याकडं वळवलं. बराच वेळ बघितलं.

"ह्यानं वाचली?"

"हो. ह्यानं."

"निवृत्तीनं वाचली," अण्णा पुन्हा म्हणाले, हळू. मग म्हणाले, "मग बरोबर असंल."

त्यांनी केबिनमधून डबा आणि टॉवेल आणला आणि ते गेले. जिन्यात मी बाजूला झालो.

गावात आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. अंबादास बागलांना विकला गेला होता. नानांच्या सलूनमध्ये मला बाकड्यावर मधोमध बसवलं. मी गल्ली, पाकीट, पाटी सगळं रंगवून सांगितलं. प्रत्येक वेळी पाटी थोडी मोठी होत गेली. बागल शपथा घेत होते की आपण त्या माणसाशी कधी बोललोही नाही, पण ते तसं म्हणणारच. अण्णांना गावात कुणी काम देईना. महिन्याभरात ते बायकोला, सरूवहिनींना घेऊन वैरागला, त्यांच्या माहेरी गेले. शेठनी मला बक्षीस म्हणून बुकिंगच्या खिडकीत बसवायचं ठरवलं. मी नको म्हणालो, माझं दारच बरं. शेठ चारचौघांत म्हणाले, बघा, हाव नाही माणसाला.

नवीन ऑपरेटर आला, पडदा पांढरा होईना. माझं बरोबर होतं याचा मला तो पुरावाच वाटला.

एक्कावन्नाव्या वर्षी मी शिकलो. वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला, बालवाडीच्या बाई शिकवायच्या. मी आधी गेलो नाही, कारण गेलो असतो तर लोकांना कळलं असतं. मग टॉकीज बंद पडलं, नोकरी गेली, चौथी पासाची अब्रू सांभाळायचं कारणही गेलं. मी मागच्या ओळीत जाऊन बसलो. दीड वर्ष लागलं. जोडाक्षरांनी फार दमवलं.

नवीन वाचणाऱ्याला खाज असते, दिसेल ते वाचायची. बहिणीच्या घरी सोलापूरला गेलो तेव्हा मी रस्ताभर दुकानांची नावं मोठ्यानं वाचत होतो, बहीण लाजत होती. दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या गल्लीत गेलो. पाहायला म्हणून. मला वाटतं, आपल्या पराक्रमाची जागा बघायला गेलो होतो.

टपरी नव्हती. घर होतं. पाटीचा निळा रंग उडाला होता, अक्षरं शाबूत होती. मी रस्त्याच्या अलीकडं उभा राहून एकेक अक्षर लावलं. डोळ्यांचा दवाखाना. खाली डॉक्टरांचं नाव. त्याच्याखाली, काचबिंदूवर खास उपचार.

आत जाऊन मी कंपाउंडरला विचारलं, काचबिंदू म्हणजे काय. तो म्हणाला, नजर कडेकडेनं जाते काका. मधलं दिसतं, कोपऱ्यातलं दिसत नाही. मग हळूहळू सगळंच जातं.

मी वैरागला जायला त्यानंतरही चार महिने लावले.

अण्णा ओसरीवर बसले होते, भिंतीला टेकून. केस पांढरे झाले होते. डोळे उघडे होते आणि कशावरही नव्हते. आतून कांडण्याचा आवाज येत होता, शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला होता. मी चपला काढल्या.

"कोण?"

"निवृत्ती. टॉकीजमधला."

"ये," ते म्हणाले. "बस. टॉकीज पाडलं म्हणं?"

"नुसतं बंद हाय."

"नवीन काय बघितलंस का भुताचं?"

"न्हाई अण्णा. आताचे लगेच दाखवतात भूत."

ते हसले. मला ते सहन होईना. मी एका दमात बोलून टाकलं. पाटी मी वाचली नव्हती, मला वाचताच येत नव्हतं, आता येतं, चार महिन्यांमागं वाचली.

"ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले. "तवाच ठाऊक होतं. सिनेमाची नावं काय मी माझ्यासाठी वाचत होतो व्हय?"

"मग शेठसमोर बोलला का न्हाई?"

"काय बोलू? दवाखान्यात गेलतो म्हणलो असतो तर शेठनी तिथंच घरी बसवला असता. आंधळा ऑपरेटर कोण ठिवतंय? डॉक्टर म्हणलेला, थेंब घातलं तर दोन-तीन वर्षं निघतील. तेवढी पायजे होती मला. म्हणून पाकीट लपवत होतो, रिपोर्टचं. कार्बनवर ढकलत होतो."

"पण मला वाचता येत न्हाई, एवढं तरी सांगायचं."

"मग तूबी गेला असतास. शेठनी परत विचारलं असतं, मग पाटी कसली? फिरून तिथंच." त्यांनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. "मी चांगला म्हणून गप बसलो असं समजू नको. मला रस्ताच दिसंना."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय आत घेतले.

"माझं राहू दे. तिला सांग."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीनं आत दाखवलं. "मी सांगितलं तिला, त्याच रात्री. डोळं, दवाखाना, समदं. तिनं ऐकलं न्हाई. म्हणली, दवाखान्याला गेला असता तर मला सांगितलं नसतं का? बागलांचे पैसे कुणाला दिले ते बोला. मी म्हणलो, निवृत्तीला वाचाय येत न्हाई. म्हणली, रोज हॉटेलात पेपर वाचताना बघते मी त्यांला. ते भावजी कशाला खोटं बोलतील?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मग डोळं गेलं. तर म्हणती, मालकाचं खाऊन मालकाला बुडवलं, देवानं केलं. भाकरी वाढती, अंघोळीला पाणी काढती. कशात कमी न्हाई. पण तसं समजती."

मी आत गेलो. सरूवहिनी उखळाशी बसल्या होत्या. मला ओळखून त्यांनी पदर सारखा केला.

"भावजी, बसा की. जेवूनच जावा."

मी उभा राहूनच सांगितलं. वाक्यं तीन-चारच होती. त्यांनी मुसळ थांबवलं नाही. माझं संपल्यावर चार घाव घातले आणि मग थांबवलं.

"पेपर वाचायचा की तुम्ही. मी बघितलंय."

"नुसता धरायचो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी उखळात बघितलं. "शेठनी विचारलं तवा, मला वाचाय येत न्हाई, एवढं म्हणायला काय झालतं?"

लाज वाटत होती, एवढंच होतं, आणि ते त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी ह्या माणसाला..." त्यांनी मुसळ खाली ठेवलं. हाताला लागलेला तिखटाचा कूट पाण्यानं धुतला, पदराला पुसला, परत धुतला. उठल्या. ओसरीच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही मागच्या दारानं जावा," त्या म्हणाल्या. "आता त्यांच्यापुढनं जाऊ नका."

त्या बाहेर गेल्या. ओसरीवर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मागच्या दारानं निघालो. चपला पुढच्या दारात राहिल्या होत्या. दुपारचं ऊन होतं, डांबर तापलेलं होतं. स्टँडपर्यंत मी तसाच गेलो.